तीन वर्षं आणि तीन किलोमीटर

मूल कितव्या वर्षी बालवाडीत घालावं, हा प्रश्न मला दोन ठिकाणी ऐकू येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा असतो. माझं गाव वेल्हे तालुक्यातलं. सरकारी कागदावर आता तो राजगड तालुका झाला आहे, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. नात्यातली निम्मीअधिक माणसं धायरी, नऱ्हे, आंबेगाव अशा पुण्याच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत जाऊन राहिली. तिकडे हा प्रश्न प्रवेशाच्या तारखेचा असतो. अडीच पूर्ण होतायत, आता प्लेग्रुपला घालू की वर्षभर थांबू? थांबलो तर पुढे नर्सरीला जागा मिळेल का? इकडे वाडीवर तोच प्रश्न ओढ्याचा असतो. पोरगं तेवढं चालतंय का? पाऊस सरू दे, मग धाडू.

दोन्हीकडच्या माणसांना आपल्या मुलाचं भलंच हवं असतं. तरी दोन्ही बोलण्यांत मूल स्वतः फारसं नाही. एकीकडे जागांची टंचाई त्याचं वय ठरवते, दुसरीकडे वाट. आपण मात्र 'योग्य वय' असं म्हणतो तेव्हा दात येण्यासारखी मुलाच्या आतली काही गोष्ट सांगतो आहोत, असा समज करून घेतो. मला वाटतं, हे वय बरंचसं बाहेर ठरतं. मुलासाठी बाहेर काय मांडून ठेवलं आहे आणि ते किती जवळ आहे, यावर ते अवलंबून असतं. आणि तसं असेल, तर हा प्रश्न एकट्या आईबापांना विचारून भागत नाही.

आधी नियम पाहू. महाराष्ट्रात ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची ३ वर्षं पूर्ण होत असतील तर त्याला नर्सरीत घेतात आणि ६ पूर्ण होत असतील तर पहिलीत. शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल नर्सरीच्या दारात उभं राहतं, तेव्हा ते अडीच वर्षांचंही नसतं. त्याच वर्गात १ जानेवारीला जन्मलेलं मूल जवळपास साडेतीनचं असतं. त्या वयात बारा महिने ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे घरात मूल असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एक शर्टाची बटणं लावतं, दुसऱ्याला शी लागल्याचं वेळेवर सांगता येत नाही. बाई मात्र दोघांना एकच चित्र रंगवायला देतात. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर चंचलपणाचा, लक्ष न देण्याचा शिक्का जास्त बसतो, हे कॅनडापासून तैवानपर्यंतच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. मुलात खोट नसते, ते फक्त वर्षाच्या शेवटी जन्मलेलं असतं.

नियम करणाऱ्यांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. पण ही रेघ प्रशासनाच्या सोयीची आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं. शाळेनं 'आता घ्या' म्हटलं की मूल तयार झालं, असा अर्थ घरोघर लावला जातो. तो त्या नियमात कुठेही नाही.

या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, जितकं लवकर तितकं चांगलं. त्यांचा आधार असतो मेंदूच्या वाढीचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही म्हटलं आहे की, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते. हे वाक्य आता खासगी नर्सरींच्या जाहिरातींत शोभतं. पण मेंदू वाढतो आहे, यावरून मुलानं कोणत्या इमारतीत बसायचं हे ठरत नाही. तो आजीच्या मांडीवरही वाढतो, गोठ्यातही वाढतो. त्याला बोलणारं, उत्तर देणारं, हात धरणारं माणूस मिळतं की नाही, पोटात अन्न असतं की नाही, हे त्या वाढीला लागतं.

दुसरा तट फिनलंडचं नाव घेतो. तिथे मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात, आणि तरी शिकण्यात मागे नाहीत. मग आपली घाई कशाला? हेही अर्धंच सांगणं आहे. फिनलंडमध्ये सात वर्षांपर्यंत मूल घरी बसलेलं नसतं. अगदी लहान वयापासून प्रशिक्षित माणसांच्या हाताखालचं संगोपन केंद्र मिळणं हा तिथे प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि पहिलीच्या आधीचं एक पूर्वप्राथमिक वर्ष २०१५ पासून सक्तीचं आहे. तिथे उशिरा सुरू होते ती पाटी-पेन्सिल. सांभाळणं फार लवकर सुरू होतं.

या दोन तटांमधून वाट काढायची, तर काही जुनेनवे प्रयोग उपयोगी पडतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची १२३ मुलं निवडली; त्यांतल्या काहींना रोज सकाळी अडीच तास बालशाळा आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेची घरी भेट. बाकीच्यांना यातलं काही नाही. पुढे कित्येक दशकं दोन्ही गटांचा माग ठेवला गेला. बुद्ध्यंकातला फरक काही वर्षांत विरून गेला. पण बालशाळेतली मुलं मोठेपणी जास्त शिकली, जास्त कमावती झाली, तुरुंगाच्या वाटेला कमी गेली. 'लवकर' म्हणणारे हा दाखला नेहमी देतात. शिक्षिका दर आठवड्याला घरी येत असे, हे सांगायचं मात्र बरेचदा राहून जातं.

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या स्वस्त दरात पाळणाघरं सुरू झाली. आया कामावर जाऊ लागल्या, मुलं मोठ्या संख्येनं दाखल झाली. नंतरच्या पाहणीत सरासरीनं मुलांमधली चिंता आणि आक्रमकपणा वाढलेला आढळला. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात चार वर्षांच्या गरीब मुलांसाठी सरकारी वर्ग चालतात. जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त होते, तिथे मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहावीत पोहोचेपर्यंत वर्गात गेलेली मुलं, न गेलेल्यांच्या तुलनेत, गुणांत मागे होती आणि शिस्तीच्या तक्रारी त्यांच्याबद्दल जास्त होत्या.

आणि तिसरा दाखला आपल्याजवळचा. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांचा एक प्रयोग झाला. काही केंद्रांत फक्त बालशिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा बाई नेमली. एवढ्यानं तिथला शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांचं शिकणं सुधारलं आणि उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं, कारण मूळ सेविकेला आहार आणि आरोग्याकडे बघायला सवड मिळाली. मुलांचं वय तेच होतं, इमारत तीच होती. वाढले होते ते माणसाचे दोन हात.

हे सगळं एकत्र ठेवलं की वयाचा आकडा हातातून निसटतो. तीन वर्षांच्या मुलाला बालशाळेत घातल्यानं काय होतं, याला एक उत्तर नाही. तिथे त्याला कोण भेटतं, किती मुलांत मिळून भेटतं, ती बाई त्याच्याकडून काय करून घेते, आणि तिथे गेलं नसतं तर ते मूल त्या वेळी कुठे असतं, या चार गोष्टी कळल्याशिवाय वय काहीच सांगत नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून वेल्ह्याकडे येतो.

हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात कमी लोकसंख्येचा तालुका. कानंद आणि गुंजवणीची खोरी, पानशेतचं पाणी, सह्याद्रीचा माथा. गावं विखुरलेली, आणि गावांच्या वाड्या त्याहून विखुरलेल्या. डोंगराच्या सोंडेवर पाच-दहा घरांचे धनगरवाडे, कुठे कातकरी वस्ती. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पावसानं जोर धरलेला असतो. जुलैत भाताची लावणी. चिखलणी झालेल्या खाचरात बाई सकाळपासून वाकलेली असते, तेव्हा तिचं तीन वर्षांचं पोर बांधावर इरल्याखाली असतं, नाहीतर घरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याच्या बालशाळेचा पर्याय तो आहे. पुण्याच्या फ्लॅटमधल्या मुलासाठी पर्याय असतो आजी, चित्रांची पुस्तकं, गोष्ट सांगणारा बाप. त्याला नर्सरी सहा महिने उशिरा मिळाली तर फार काही बिघडत नाही. घाई सगळ्यात जास्त तिथे आहे, जिथे तिची गरज सगळ्यात कमी. ज्याला एका समजूतदार बाईच्या सहवासातले तीन तास खरोखर उपयोगी पडतील, ते मूल पाऊस सरायची वाट बघत असतं.

अंगणवाडीच्या व्यवस्थेत तिसरं वर्ष ही आणखी एक सीमा आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचा आहार घरी न्यायला मिळतो. तीन पूर्ण झाली की त्यानं केंद्रात यायचं आणि तिथे गरम ताजं खायचं. वर्षाला तीनशे दिवस, रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिनं, असा नियम आहे. नियमामागचा विचार चांगला आहे: खाण्याच्या निमित्तानं मूल येईल, चार मुलांत बसेल, गाणी म्हणेल. पण ज्याची वाडी तीन किलोमीटरवर आहे, त्याच्या बाबतीत या नियमाचा अर्थ असा होतो की तिसऱ्या वाढदिवसापर्यंत जेवण मुलाकडे येत होतं आणि त्यानंतर मुलानं जेवणाकडे जायचं. तीन वर्षांचं मूल तीन किलोमीटर चालत नाही. त्याला कडेवर न्यायला, परत आणायला माणूस लागतं, आणि ते माणूस खाचरात असतं.

मग वाडीवरच केंद्र का नाही? कारण त्यासाठी माणसं मोजतात. डोंगराळ भागात तीनशे लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि दीडशे ते तीनशेला छोटी अंगणवाडी, असा निकष आहे. दीडशेच्या खाली वस्ती असेल, तर मागणीवरून अंगणवाडी मिळू शकते, पण त्यासाठी सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं दाखवावी लागतात. दीडशे माणसांच्या वस्तीत चाळीस लहान मुलं कशी असतील, हा हिशेब कुणीही बोटांवर करून पाहावा. एका धनगरवाड्यात सहा घरं, त्यांत लहान मुलं चार. २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेचं ४५ वं कलम सांगतं की, सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा. तिथे 'सर्व' असा शब्द आहे. निकषात आल्यावर त्याचा अर्थ होतो, ज्यांना पुरेसे शेजारी आहेत ती सर्व. मुलाला काय मिळायचं ते शेजारी किती आहेत यावरून ठरावं, हे न्याय्य कसं म्हणता येईल?

पैसे मर्यादित असतात, चार मुलांसाठी एक पगारी माणूस परवडत नाही, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण या अडचणीवर महाराष्ट्रातच एका बाईनं ऐंशी वर्षांपूर्वी विचार केला होता. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. माँटेसरींच्या पद्धतीला इथली वळणं देत चाललेलं हे काम होतं, आणि ते शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी होतं. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. तिथे बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणाच्या अंगावर कपडा नाही, कुणाला धाकट्याला सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. मग या बायाच वस्तीत गेल्या. अंगणात मुलं जमवली, त्यांना न्हाऊमाखू घातलं, तिथल्याच शिंपल्या, बिया, दगड घेऊन मोजणं आणि रचणं सुरू केलं. मुलांच्या अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात जात. आणि मोठी बहीण शाळेत यायची तर धाकट्याचं काय, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली.

यात वयाचा प्रश्न कसा सुटला, ते पाहण्यासारखं आहे. एक वर्षाचं मूल तिथे आलं, ते आठ वर्षांच्या बहिणीला वर्गात बसता यावं म्हणून. त्याला कुणी अक्षरं शिकवायला बसलं नाही. त्याला पाळणा मिळाला. प्रत्येक वयाला ज्याची गरज ते, आणि चालायचं मोठ्यांनी.

१९७५ मध्ये २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना देशभरातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. नाव आलं, पण त्यातली चाल उलटी झाली. आता अंगणवाडी एका जागी असते आणि मुलं तिच्याकडे जातात. सेविकेच्या अंगावर आहार, लसीकरणाची यादी, वजन-उंचीच्या नोंदी, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. महाराष्ट्राचा 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम खेळांवर, गाण्यांवर, गोष्टींवर रचलेला आहे. तो चालवायला लागणारा निवांतपणा तिच्या दिवसात कुठून यायचा? तरी कितीतरी जणी तो काढतात. मी ज्या अंगणवाड्यांत जाऊन बसलो आहे, तिथे पहिला तास मुलांच्या नाकं पुसण्यात आणि रडणाऱ्याला कडेवर घेण्यात गेलेला पाहिला आहे. तेच त्या वयाचं शिक्षण आहे, असं माझं मत आहे. पण पालक दारातून डोकावून विचारतात, लिहायला कधी घेणार?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला गंभीर वाटतो. धनगरवाड्यावरचं मूल वासरू ओळखतं, वाऱ्याची दिशा ओळखतं, रानातली कुठली भाजी खायची ते त्याला पाचव्या वर्षी कळतं. त्याला चार भिंतींत आणून बडबडगीतं शिकवणं म्हणजे एक चांगलं शिक्षण थांबवून दुसरं कमी प्रतीचं देणं नव्हे का? यात तथ्य आहे. पण हा युक्तिवाद करणारे बहुतेक जण आपली मुलं रानात वाढवत नसतात. आणि त्या रानात सात वर्षांची बहीण तिच्या स्वतःच्या बालपणातून वजा होऊन धाकट्याची आई झालेली असते, हे त्या चित्रात येत नाही. रानातलं ज्ञान टिकवायचं तर ते अंगणवाडीत येऊ द्यावं, शिंपल्या आणि बिया आल्या तसं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाचं मूल सहा महिने एका पटावर असतं आणि सहा महिने कुठल्याच नाही. त्याच्यापुढे रान की शाळा असा प्रश्नच नाही. त्याच्याबरोबर भट्टीपर्यंत कोण जाणार, हा आहे.

दुसरा आक्षेप आईबद्दलचा. मुलाला लवकर घालतात ते आईच्या सोयीसाठी, असं नाक मुरडून म्हटलं जातं. मग काय झालं? लावणीला जाणारी बाई आणि धायरीहून कंपनीत जाणारी बाई, दोघींना आपलं मूल दिवसभर सुरक्षित हवं असतं. रोजगार हमीच्या कायद्यानंही हे ओळखलं आहे: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक माणूस नेमायचं, अशी तरतूद त्यात आहे. मोठ्यांच्या गरजेसाठी मूल लवकर बाहेर ठेवावं लागतं, यात अनैतिक काही नाही. गडबड पुढे होते. आपण ती गरज कबूल करायला लाजतो आणि मुलाच्या प्रगतीचं नाव पुढे करतो. एकदा प्रगतीसाठी घातलं म्हटलं की प्रगती दाखवावी लागते. मग अडीच वर्षांच्या ज्या मुलाला झोपायला जागा, जेवण आणि एक ओळखीची मांडी हवी होती, त्याच्या हातात पेन्सिल येते. ते बोटांत धरता येत नाही म्हणून रडतं, आणि मग त्याला शिकवणी लागते. पाळणाघराची गरज आपण नर्सरीच्या नावानं भागवतो, आणि त्याची किंमत मूल देतं.

वेल्ह्यातही आता हे येऊन पोहोचलं आहे. मुलाच्या नर्सरीसाठी आई नसरापूरला किंवा खेड शिवापूरला खोली घेऊन राहते, बाप शेतीपाशी, अशी घरं मला माहीत आहेत. सकाळी व्हॅनमध्ये झोपलेली तीन-साडेतीन वर्षांची मुलं घाटरस्त्यानं जाताना दिसतात. या आईबापांना मी हसणार नाही. गावातली अंगणवाडी अर्धा दिवस नोंदवह्यांत अडकलेली त्यांनी पाहिली आहे, आणि पैसे दिले की कुणीतरी लक्ष देईल, एवढाच त्यांचा हिशेब आहे.

म्हणून कुणी मला विचारलं, कितव्या वर्षी घालू, तर मी उलट विचारतो. किती वेळ प्रवास? एका बाईकडे किती मुलं? ती त्यांना बसवून लिहायला लावते का? मूल रडलं तर उचलून घेते का? तुम्ही त्या वेळी कुठे असता? पुण्यातल्या भाच्याला मी सांगितलं की, पोरगी डिसेंबरातली आहे, वर्षभर थांब, काही बुडत नाही. घरी आजी आहे. वाडीवरच्या बाईला तेच सांगणं अन्यायाचं झालं असतं. तिच्या मुलाला दोन वर्षांपासूनच कुणीतरी हवं आहे, लावणीच्या दिवसांत तर नक्की. तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही, कारण तिच्या हातात काही नाही.

सांगायचं ते ग्रामसभेत आणि तालुक्याच्या कचेरीत. दीडशेच्या निकषाऐवजी, सहा घरांच्या वाड्यावरही आठवड्यातून तीन दिवस सेविका किंवा मदतनीस चालत जाईल, तिला त्या चालण्याचा मोबदला मिळेल, आणि त्या दिवसांचा शिधा तिच्याबरोबर जाईल, एवढी सोय करायला नवी इमारत लागत नाही. लावणीच्या महिन्यात वाडीतल्याच एखाद्या म्हातारीला रोजंदारी देऊन पडवीत मुलं जमवता येतील. बोर्डीला हे ऐंशी वर्षांपूर्वी झालं, तेव्हा पैसा आजच्यापेक्षा कमीच होता. पाऊस दरवर्षी जूनमध्येच येतो आणि शाळाही जूनमध्येच उघडते. ओढा कुठे आहे तेही सगळ्यांना माहीत आहे. तो तीन वर्षांच्या पोरानं ओलांडायचा की पगारी मोठ्या माणसानं, एवढंच ठरवायचं राहिलं आहे.